संप्रेरके आणि कर्करोगाचे नाते शोधणाऱ्या डॉ. कमल रणदिवे

स्तनाच्या कर्करोगाचे कारण केवळ गाठीत न शोधता अंतःस्रावी ग्रंथींची संप्रेरके, विषाणू आणि आनुवंशिकता यांच्या परस्परसंबंधात शोधणाऱ्या डॉ. कमल रणदिवे यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला. मुलीने डॉक्टर व्हावे, अशी वडिलांची इच्छा होती. त्यांनी मात्र जीवशास्त्राची वाट धरली. डॉ. वसंत खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये त्यांनी मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. संपादन केली. अमेरिकेतील संशोधनानंतर मायदेशी परतून मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी देशातील पहिली ऊतीसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. विज्ञानाच्या क्षेत्रात स्त्रिया एकाकी पडू नयेत, म्हणून १९७३ मध्ये भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेच्या स्थापनेत त्यांनी पुढाकार घेतला. १९८२ मध्ये पद्मभूषणने गौरविलेल्या या संशोधिकेचे २००१ मध्ये निधन झाले.