गिटारच्या आवाजामागे आहे मेरी क्युरींच्या नवऱ्याचं डोकं

रत्नागिरीत थिबा राजवाड्याच्या प्रांगणात संगीत महोत्सव भरतो. अशा उघड्या जागेत नुसती लाकडी गिटार वाजवली तर शेवटच्या रांगेला काहीच ऐकू जायचं नाही. समोर माइक ठेवावा, तर तो स्पीकरचाही आवाज उचलतो आणि शिट्टी मारतो. म्हणून तारा जिथे टेकतात त्याच्याखाली एक बारीक पट्टी बसवतात, पिझो पिकअप. तार थरथरली की पट्टी दाबली जाते, दाबातून वीज तयार होते आणि ती अँप्लिफायरकडे जाते.

दाबातून वीज निघते हे शोधणाऱ्यांपैकी एक होता पिएर क्युरी. हो, मेरी क्युरींचा नवरा.

गंमत म्हणजे थिबा राजा आणि पिएर दोघेही १८५९ सालचे. एक राज्य गमावून रत्नागिरीत आला. दुसरा पॅरिसच्या डॉक्टरचा मुलगा, शाळेत न जाता घरीच शिकलेला. १८८० मध्ये, एकविसाव्या वर्षी, पिएर आणि थोरला भाऊ जाक यांना दिसलं की क्वार्ट्ज, रोशेल मीठ, अगदी उसाच्या साखरेचे स्फटिकही दाबले की त्यांच्यावर विद्युतभार येतो.

या शोधाचं तेव्हा कुणाला फारसं काही वाटलं नाही. भावांनी मात्र त्यातून अतिसूक्ष्म वीज मोजणारं यंत्र बनवलं. १८९५ मध्ये पिएरचं मेरीशी लग्न झालं आणि त्याच यंत्रावर मेरीने युरेनियमच्या किरणांची मोजमापं घेतली. त्याच वाटेने १८९८ मध्ये रेडियम सापडलं. १९०३ च्या नोबेलसाठी आधी मेरीचं नावच नव्हतं. पिएरने आग्रह धरला, तेव्हा ते आलं. फ्रान्स सरकारचा मानाचा किताब त्याने नाकारला. त्याला हवी होती धड प्रयोगशाळा.

ती मिळालीच नाही. १९ एप्रिल १९०६ ला, पावसात रस्ता ओलांडताना तो घोडागाडीखाली सापडला. वय ४६.

पुढे त्याचा विद्यार्थी लाँजव्हँ याने पहिल्या महायुद्धात पाणबुड्या हुडकायला क्वार्ट्ज वापरलं. मग रोशेल मीठ ग्रामोफोनच्या पिकअपमध्ये आलं, पण दमट हवेत ते खराब व्हायचं. कोकणातला पावसाळा त्याला कुठला झेपायला! १९६० च्या दशकाअखेरीस ओव्हेशन या अमेरिकी कंपनीने गिटारमध्ये पिझो आणला. आता पट्टी बहुधा सिरॅमिकची असते. थेट जोडली तर आवाज पातळ येतो, म्हणून मध्ये प्रीअँप लावतात.