कलामहर्षी बाबूराव पेंटर

करवीर नगरीला कलापूर हे नाव ज्यांच्या कर्तृत्वामुळे शोभले, त्या थोर पुरुषांत कै. बाबूराव पेंटर यांचे स्थान फार वरचे आहे. त्यांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात एका कारागीर कुटुंबात झाला. मूळ आडनाव मेस्त्री. शालेय शिक्षण बेताचेच. परंतु चित्रकला, मूर्तिकाम, सुतारकाम यांचे धडे त्यांना घरातच वडील कृष्णराव यांच्याकडून मिळाले. नात्याने बंधू असलेल्या आनंदरावांसह ते नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवू लागले आणि पुढे ‘पेंटर’ हेच त्यांचे आडनाव होऊन बसले.

दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली प्रदर्शित झाला आणि या दोघांना चित्रपटाचा ध्यास लागला. विलायती कॅमेरा घेण्याची ऐपत नव्हती. तेव्हा मुंबईहून एक जुना प्रोजेक्टर आणून त्यांनी त्याचा बारकाईने अभ्यास केला. भिंगासमोर फिल्म क्षणभर थांबावी, पुन्हा सरकावी, आणि हे सेकंदाला सुमारे सोळा वेळा घडावे, ही क्रिया प्रोजेक्टर व कॅमेरा या दोहोंत एकच. परंतु हे काम चालू असतानाच १९१६ साली आनंदराव निवर्तले. हा आघात सोसून बाबूरावांनी शिष्य विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने १९१८ च्या सुमारास स्वदेशी कॅमेरा सिद्ध केला. तो पाहण्याचे भाग्य मात्र आनंदरावांना लाभले नाही.

यंत्र झाले, तरी खरी परीक्षा पुढेच होती. त्या काळच्या कृष्णधवल फिल्मवर लाल रंग काळा उमटे, तर निळे आकाश पांढरेफटक दिसे. ज्याचे आयुष्य रंगांत गेले, त्याला केवळ छायाप्रकाशाचा विचार करणे भाग पडले. बाबूराव पात्रांची व वेशभूषेची रेखाटने आधी स्वहस्ते काढीत आणि मगच चित्रणास हात घालीत.

तानीबाई कागलकर यांच्या अर्थसाहाय्याने उभ्या राहिलेल्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० साली पुण्यात झळकला. त्यातील कीचकवध इतका हुबेहूब होता की पुढे तो कापावा लागला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ या पदवीने गौरविले. १९२५ च्या ‘सावकारी पाश’ने कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याचे दुःख पडद्यावर आणले.

दामले, फत्तेलाल, शांताराम हे शिष्य त्यांच्याच हाताखाली घडले. १९२९ साली त्यांनी वेगळे होऊन ‘प्रभात’ स्थापन केली. गुरूची संस्था मावळली, पण विद्या शिष्यांच्या रूपाने वाढली. १६ जानेवारी १९५४ रोजी बाबूरावांचे देहावसान झाले.

त्या काळचे बहुतेक मूकपट आज नष्ट झाले आहेत. तरी हाताच्या कसबाला बुद्धीची जोड मिळाली तर साधनांची उणीव आड येत नाही, हा त्यांच्या चरित्राचा बोध आपल्या मुलांमुलींनी मनात जतन करावा. वाडवडिलांच्या कारागिरीत कमीपणा नाही. तीच बाबूरावांची पहिली शाळा होती.