सुझानाबाईंची रविवारची सांज

आपल्या मंडळाची पहिली बैठक आमच्या माजघरात सात जणींनिशी भरली, म्हणून सुझानाबाई वेस्लींविषयी मला फार जिव्हाळा वाटतो. बाईंचा जन्म 1669 चा, लंडनचा. पती सॅम्युएल इंग्लंडातील एपवर्थ गावी धर्मोपदेशक. 19 अपत्ये झाली, जवळजवळ निम्मी लहानपणीच गेली. वर कर्ज, आणि 1709 साली घरही जळाले.

1711-12 च्या हिवाळ्यात पती लंडनला होते. बाई रविवारी सायंकाळी मुलांना व घरच्या नोकरांना घेऊन प्रार्थना करीत, प्रवचन वाचून दाखवीत. नोकर पोराने आपल्या आईबापांना सांगितले. ती आली, मग शेजारीपाजारी. बघता बघता दोनशेवर माणसे जमू लागली, जागेअभावी कित्येक परत जात! देवळातल्या दुय्यम उपदेशकांना हे खपले नाही. पतीचेही पत्र आले. बाईंनी नम्रपणे पण रोखठोक कळविले, की बंदच करायचे तर स्पष्ट आज्ञा द्यावी व देवापुढे त्याचा जाबही आपणच द्यावा. सांज चालूच राहिली.

त्या घरात आठ वर्षांचा जॉन होता. मेथडिस्ट पंथाचा पुढारी तो हाच. 1742 साली लंडनला त्याच्याच बिऱ्हाडी बाईंनी डोळे मिटले.