खाशाबा जाधव: पदक, गुडघा आणि कुस्ती सुटल्यानंतरचे आयुष्य

खाशाबा दादासाहेब जाधव हे नाव तुम्ही शाळेत असताना वाचलेले असेल. १९५२ साली हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये त्यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. त्यानंतर ते आणखी ३२ वर्षे जगले. त्या काळातली गुडघ्याची दुखापत, पोलीस खात्यातली नोकरी, पेन्शनसाठीची वणवण आणि शेवटी रस्त्यावरचा अपघात यांबद्दल मात्र फार कमी बोलले जाते.

तुमच्या घरात कोणी तालमीत जात असेल, कबड्डी किंवा ज्युदो खेळत असेल, तर खाशाबांच्या आयुष्याचा हा दुसरा भागही जरूर वाचा. खेळाडूच्या शरीराकडून खेळ दहा-पंधरा वर्षे काम करून घेतो. तेच शरीर पुढे चाळीस-पन्नास वर्षे वापरायचे असते.

गोळेश्वर ते लंडन

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यात, कराडजवळच्या गोळेश्वर गावी झाला. वडील दादासाहेब स्वतः मल्ल होते, त्यामुळे तांबड्या मातीची ओळख घरातच झाली. शाळा कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये आणि पुढचे शिक्षण कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात. अंगाने ते दांडगे नव्हते. उंची बेताची, वजन कमी. पण चपळाई आणि डावपेच असे की समोरचा थोराड मल्लही गोंधळून जाई.

१९४८ च्या लंडन ऑलिम्पिकला ते गेले, तेव्हा कोल्हापूरच्या महाराजांनी खर्चाला हातभार लावला. तिथे फ्लायवेट म्हणजे ५२ किलो गटात त्यांनी सहावा क्रमांक मिळवला. मातीत वाढलेल्या या मुलाला मॅटवरच्या कुस्तीची सवय नव्हती. तरीही त्यांनी ही मजल मारली.

माती आणि मॅट यांतला फरक पालकांनी समजून घ्यायला हवा. मातीत अनवाणी पाय थोडा सरकतो. मॅटवर बुटाची पकड घट्ट असते. पाऊल जागेवर रोवलेले राहिले आणि वरचे शरीर वळले, तर तो सगळा पीळ गुडघ्यात उतरतो. म्हणून मातीतून मॅटवर जाणाऱ्या मुलाला आधी पाय टाकण्याचा, वळण्याचा आणि पडण्याचा सराव हवा. डाव त्यानंतर.

हेलसिंकीचा दिवस

१९५२ साली खाशाबा बँटमवेट म्हणजे ५७ किलो गटात उतरले. निवडीच्या वेळी त्यांना डावलले गेले होते. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा कुस्ती झाली आणि ती जिंकून त्यांनी संघात जागा मिळवली. पैशांचा प्रश्न होताच. गावकऱ्यांनी वर्गणी काढली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे राहते घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले.

हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवले. मग जपानच्या शोहाची इशी यांच्याबरोबर लांबलेली लढत झाली. ती हरल्यावर लगेचच त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद ममेदबेकोव यांच्यासमोर उभे केले गेले, असे सांगितले जाते. नियमाप्रमाणे मध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळायला हवी होती, पण त्यांची बाजू मांडायला तिथे एकही भारतीय अधिकारी हजर नव्हता. थकलेले खाशाबा ती लढत हरले. इशी यांना सुवर्ण, ममेदबेकोव यांना रौप्य आणि खाशाबांना कांस्य मिळाले.

तो अर्धा तास का महत्त्वाचा होता? पूर्ण ताकदीच्या कुस्तीत स्नायूंमधला तयार ऊर्जेचा साठा झपाट्याने संपतो आणि तो भरून यायला वेळ लागतो. घामावाटे पाणी आणि क्षार जातात. थकलेला स्नायू उशिरा आवळतो. गुडघ्याभोवतीचे स्नायू वेळेवर आवळले, तरच आतले लिगामेंट वाचते. म्हणजे थकव्याने नुसती हार होत नाही, दुखापतही होते. गावोगावच्या यात्रांमध्ये एकाच दिवशी तीन-चार कुस्त्या खेळणाऱ्या मुलांनी हे ध्यानात ठेवावे. दोन कुस्त्यांच्या मध्ये बसणे, पाणी किंवा मीठ-साखर-लिंबाचे सरबत पिणे आणि दम पूर्ण परत येईपर्यंत थांबणे हा लाड नाही.

वजनगटाबद्दल थोडे

लंडनला ५२ किलो आणि चार वर्षांनी हेलसिंकीला ५७ किलो. शरीर वाढले तसा खाशाबांचा गटही वरचा झाला. आज अनेक मुले याच्या उलट करताना दिसतात. गट खालचा मिळावा म्हणून स्पर्धेआधी दोन-तीन दिवस पाणी तोडतात, उन्हात जाड कपडे घालून पळतात, कोणाच्या तरी सांगण्यावरून लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेतात. १९९७ साली अमेरिकेत वजन उतरवण्याच्या अशाच प्रयत्नात कॉलेजचे तीन कुस्तीपटू दगावले आणि तिथले नियम बदलावे लागले. पाणी तोडल्याने मूत्रपिंडावर ताण येतो, शरीरातील पोटॅशियम-सोडियमचा तोल बिघडतो आणि हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात. मुलगा उंच होत असेल, तर त्याला वरच्या गटात जाऊ द्या.

गुडघा

हेलसिंकीहून परतलेल्या खाशाबांची शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. खाशाबांनी पुढे कुस्त्यांचे फड भरवले आणि त्यातून मिळालेल्या पैशांतून खर्डेकरांचे घर सोडवले. वय सव्वीस. पुढचे ऑलिम्पिक १९५६ साली मेलबर्नला होते आणि त्यांच्याकडून आशा मोठी होती. पण तयारीच्या काळात गुडघ्याला गंभीर दुखापत झाली आणि मेलबर्न हुकले. ऑलिम्पिकचे दार त्यांच्यासाठी तिथेच बंद झाले.

कुस्तीत गुडघ्याच्या तीन दुखापती वारंवार दिसतात.

• लिगामेंट फाटणे: मांडीचे आणि नडगीचे हाड एकमेकांना बांधून ठेवणाऱ्या या दोऱ्या असतात. पाय रोवलेला असताना पीळ बसला की पुढचा क्रूसिएट लिगामेंट, म्हणजे एसीएल, फाटू शकतो. त्या क्षणी 'टक्' असा आवाज आल्याचे रुग्ण सांगतात आणि काही तासांतच गुडघा सुजतो.
• गादी फाटणे: दोन हाडांमध्ये चंद्रकोरीसारख्या दोन गाद्या असतात, त्यांना मेनिस्कस म्हणतात. गादी फाटली की उकिडवे बसताना, वळताना दुखते. कधी गुडघा अडकतो, सरळच होत नाही.
• वाटी सरकणे: बाहेरून धक्का बसला किंवा पाय पिळला की गुडघ्याची वाटी बाजूला जाते.

खाशाबांच्या काळात एमआरआय नव्हता. दुर्बिणीतून गुडघ्याची शस्त्रक्रिया बाल्यावस्थेत होती. दुर्बिणीतून फाटलेली गादी काढण्याची पहिली शस्त्रक्रिया जपानमध्ये १९६२ साली झाली. तोपर्यंत मोठा छेद घेऊन फाटलेली गादी बहुधा पूर्ण काढून टाकत आणि असा गुडघा पुढे लवकर झिजत असे. आज गादी शक्यतो शिवतात, लिगामेंट नवा बसवता येतो. म्हणजे १९५० च्या दशकात जो खेळाडू खेळाबाहेर गेला असता, तो आज बऱ्याचदा परत उभा राहू शकतो. त्यासाठी दुखापत वेळेवर ओळखली जायला हवी.

अडचण इथेच आहे. २०२० मध्ये नाशिककडून खेळणाऱ्या हर्षवर्धन सदगीर यांनी महाराष्ट्र केसरीची गदा जिंकली. आपल्या जिल्ह्यातल्या तालमींतल्या मुलांचीही अशीच स्वप्ने आहेत. गुडघा सुजला तरी ती मुले घरी सांगत नाहीत. चोळून घेतात, पट्टा बांधतात आणि आठवड्यात पुन्हा आखाड्यात उतरतात. सूज उतरली म्हणजे लिगामेंट जुळला असे नसते. सैल गुडघ्यावर खेळत राहिले की धड असलेली गादीही फाटते. पहिल्या दुखापतीपेक्षा हे दुसरे नुकसान जास्त महागात पडते.

गुडघ्याला मार लागल्यावर काय कराल

• खेळ ताबडतोब थांबवा. 'ही एवढी कुस्ती होऊ दे' म्हणू नका.
• बर्फ कापडात गुंडाळून १५-२० मिनिटे धरा. पहिले दोन दिवस दर दोन-तीन तासांनी असे करा. पाय उशीवर उंच ठेवा, क्रेप बँडेज फार आवळू नका.
• पहिले दोन-तीन दिवस शेक, मालिश, गुडघा ओढून किंवा झटका देऊन 'बसवणे' टाळा.
• दुखणे मारण्याचे इंजेक्शन घेऊन पुन्हा खेळायला उतरू नका.

पुढीलपैकी काही असेल तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा: काही तासांत आलेली मोठी सूज, पायावर भार न देता येणे, गुडघा अडकणे, चालताना किंवा जिना उतरताना गुडघा 'निसटल्यासारखा' वाटणे. पाऊल गार किंवा बधिर पडले असेल, तर थेट रुग्णालयात जा. तिथे रक्तवाहिनीला इजा झाली आहे का हे तातडीने पाहावे लागते.

लिगामेंटच्या शस्त्रक्रियेनंतर मैदानावर परतायला साधारण नऊ महिने ते एक वर्ष लागते. शस्त्रक्रिया दीड-दोन तासांची असते. खरे काम फिजिओथेरपीचे आहे. घरच्यांनी धीर धरायचा तो याच काळात.

खाकी वर्दीतली २७ वर्षे

१९५५ साली खाशाबा पोलीस खात्यात उपनिरीक्षक म्हणून भरती झाले. खात्यांतर्गत स्पर्धांत ते कुस्ती खेळले, इतरांना शिकवले आणि २७ वर्षे नोकरी करून सहायक पोलीस आयुक्त पदावरून निवृत्त झाले. १९८२ च्या दिल्ली आशियाई क्रीडास्पर्धेच्या मशाल दौडीत त्यांना सहभागी करून घेतले गेले. मात्र पेन्शनसाठी त्यांना झगडावे लागले आणि उतारवयाची वर्षे हलाखीत गेली. अर्जुन पुरस्कार मिळाला तोही मृत्यूनंतर अनेक वर्षांनी.

खेळ सुटतो तेव्हा नेमके काय होते, हे घरच्यांनी पाहावे. पहिला प्रश्न खुराकाचा. तालमीत रोज चार-पाच तास घाम गाळणाऱ्याला दूध, तूप, बदाम, मटण पचते. मेहनत बंद झाली आणि ताट तेच राहिले की दोन-तीन वर्षांत पोट सुटते. मग रक्तदाब, मधुमेह, चरबी वाढते. जुन्या दुखापतीच्या गुडघ्याला वाढलेले वजन सर्वांत जड जाते. एक किलो वजन कमी केले, तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. कुस्ती सोडलेल्याने व्यायाम सोडू नये. चालणे, सायकल, पोहणे आणि मांडीच्या स्नायूंचे व्यायाम चालू ठेवावेत. पस्तिशीनंतर वर्षातून एकदा साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल तपासावे.

दुसरा प्रश्न मनाचा. काल ज्याच्यासाठी हलगी वाजत होती, त्याला आज कोणी ओळखत नाही. झोप उडणे, चिडचिड, दारू, एकटे बसून राहणे ही लक्षणे दिसली, तर त्याला 'माज उतरला' म्हणू नका. ते नैराश्य असू शकते आणि त्यावर उपचार आहेत. खाशाबांना नोकरीमुळे महिन्याचा पगार आणि सकाळी उठून जायचे ठिकाण मिळाले. तुमच्या मुलाचे शिक्षण म्हणूनच खेळाबरोबर चालू राहिले पाहिजे. गुडघा कोणत्या दिवशी दगा देईल, हे कोणालाच आधी कळत नाही.

१४ ऑगस्ट १९८४

निवृत्तीनंतर थोड्याच काळात, १४ ऑगस्ट १९८४ रोजी, खाशाबा रस्ता अपघातात गेले. वय ५८. त्यानंतर भारताला पुढचे वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळायला १९९६ साल उजाडले. ते लिएंडर पेस यांनी टेनिसमध्ये मिळवले.

बलदंड शरीरही रस्त्यावरच्या धडकेत टिकत नाही. दुचाकीवर चालवणाऱ्याने आणि मागे बसणाऱ्यानेही हेल्मेट घालावे, चारचाकीत मागच्या सीटवरही पट्टा लावावा. अपघात दिसला तर १०८ ला फोन करा. जखमीची मान हलवू नका, पाणी पाजू नका, वाहत्या रक्तावर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा. मदत करणाऱ्याला कायद्याने संरक्षण दिले आहे. स्वतःचे नाव सांगण्याची सक्ती तुमच्यावर करता येत नाही.

घरच्यांनी लक्षात ठेवावे

• सुजलेला गुडघा घेऊन कोणीही आखाड्यात उतरू नये.
• पाणी तोडून वजन उतरवू नये.
• खेळ थांबला की खुराक कमी करावा, व्यायाम चालू ठेवावा.
• शिक्षण किंवा नोकरीची दुसरी वाट आधीपासून तयार असावी.

पुढच्या वेळी मुलगा तालमीतून लंगडत आला, तर कुस्ती कोण जिंकले हे नंतर विचारा. आधी त्याला बसवून दोन्ही गुडघे शेजारी शेजारी ठेवून बघा. एक सुजलेला दिसला, तर सकाळी दवाखान्यात घेऊन या.

हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तपासणी आणि उपचारासाठी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.