पुण्यश्लोक अहल्याबाई आणि आमची विशेषणे

थोरांचे चरित्र लिहावयास बसलो की आम्हां विद्यार्थ्यांच्या लेखणीतून विशेषणांचा पाऊस पडू लागतो. महान, उदार, धैर्यशील, दयाळू! परंतु तीच विशेषणे दुसऱ्या कोणाही थोराच्या नावामागे लावली तरी चालत असतील, तर त्यांनी सांगितले ते काय? या प्रश्नाचे उत्तर आम्हांस अहल्याबाई होळकरांच्या चरित्रात सापडले. भोपाळकरांना नर्मदा परकी नाही. आमच्या शहरात तिचे पाणी येते. त्याच नर्मदेच्या तीरी, महेश्वरी, ही साध्वी राज्य करीत होती.

अहल्याबाईंचा जन्म ३१ मे १७२५ रोजी चौंडी या खेड्यात झाला. वडील माणकोजी शिंदे. मल्हारराव होळकरांनी त्यांना आपली सून करून घेतले. इ. स. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव धारातीर्थी पडले. १७६६ मध्ये सासरे गेले आणि पुढल्याच वर्षी एकुलता एक पुत्र मालेराव. अशा समयी राघोबादादा फौजेनिशी होळकरांच्या दौलतीवर चालून आले. बाईंनी युद्धाची सिद्धता केली आणि स्त्रीशी लढण्यात यश आले तरी कीर्ती नाही, हे त्यांना बजावले. दादांना माघार घ्यावी लागली. येथे धैर्यशील हे विशेषण न लिहिले तरी वाचकाच्या मनात आपोआप उमटते!

सैन्याचा भार तुकोजी होळकरांवर सोपवून बाई स्वतः कारभार पाहत, रयतेची गाऱ्हाणी ऐकत. काशीचे विश्वेश्वराचे मंदिर त्यांनी पुन्हा उभारले. सोमनाथ, गया अशा दूरदूरच्या क्षेत्री मंदिरे, घाट व धर्मशाळा बांधल्या. महेश्वरात विणकर वसविले. तेथील लुगडी आजही नावाजलेली आहेत. दुःखाने मात्र त्यांची पाठ सोडली नाही. १७९१ मध्ये जावई निवर्तले आणि कन्या मुक्ताबाई, आईच्या विनवण्या न मानता, सती गेल्या. तरीही बाईंनी कारभार सोडला नाही.

आता मुख्य गोष्ट. ती जॉन माल्कम या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात नमूद केली आहे. एका ब्राह्मणाने बाईंच्या स्तुतीचा ग्रंथ रचून आणला. बाईंनी तो शांतपणे ऐकून घेतला. मग आपण एक दुर्बळ, पापी स्त्री असून अशा स्तुतीस पात्र नाही, असे सांगून तो ग्रंथ नर्मदेत टाकविला आणि ग्रंथकाराकडे पुन्हा लक्षही दिले नाही. त्या बिचाऱ्याने किती विशेषणे योजिली असतील! ती सारी पाण्यात गेली. परंतु ती बुडविण्याची कृती मात्र लोकांच्या स्मरणात राहिली आणि बाईंची निरहंकारी वृत्ती सांगण्यास तेवढी पुरेशी झाली.

१३ ऑगस्ट १७९५ रोजी अहल्याबाईंनी देह ठेवला. लोकांनी त्यांच्या नावामागे एकच विशेषण कायमचे जोडले, पुण्यश्लोक. ज्याची कीर्ती पवित्र, तो पुण्यश्लोक. आमच्या परंपरेत नळराजा व युधिष्ठिर यांना लाभलेले हे विशेषण बाईंनी मागून घेतले नव्हते. त्यांच्या तीस वर्षांच्या वर्तनाने ते मिळविले होते.

म्हणून, विद्यार्थिमित्रहो, थोरांविषयी लिहिताना आपण आधी त्यांची कृती सांगू या. ती नीट सांगितल्यावर जे विशेषण उरेल, तेवढेच लिहू या. बाकीची नर्मदेला अर्पण करावीत, हेच बरे!