बॅक-एंड शिकताय? जांबच्या समर्थांचा हा धडा उपयोगी पडेल

मोबाइलवर ॲप उघडले की दिसतो तो पडदा. त्यामागे माहिती साठवणारी आणि हिशेब जुळवणारी यंत्रणा उभारतो तो बॅक-एंड इंजिनीअर. त्याने आज लिहिलेला कोड पाच वर्षांनी दुसराच कुणीतरी वाचणार असतो. असे टिकाऊ लिखाण कसे करावे, हे घनसावंगी तालुक्यातल्या जांब गावी जन्मलेल्या समर्थ रामदासांनी साडेतीनशे वर्षांपूर्वी नेमके सांगून ठेवले आहे.

शिक्षण कसे झाले?

नारायण सूर्याजीपंत ठोसर यांचा जन्म 1608 चा, रामनवमीचा. परंपरेनुसार बाराव्या वर्षी लग्नमंडपातून निघून ते नाशिकजवळच्या टाकळीला आले. तेथे बारा वर्षे त्यांनी साधना आणि अभ्यास केला. त्यांनी वाल्मीकी रामायण स्वतःच्या हाताने उतरवून काढले. त्यांच्या हस्ताक्षरातील मानली जाणारी ही प्रत धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात जपलेली आहे. पुढची सुमारे बारा वर्षे ते देशभर फिरले. 1648 मध्ये त्यांनी चाफळला राममंदिर उभारले.

लिखाणाबद्दल काय सांगितले?

दासबोधात 20 दशक आणि 200 समास आहेत. परंपरा सांगते, की समर्थ सांगत आणि शिष्य कल्याणस्वामी लिहून घेत. एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनावर आहे. त्यातील सूचना अगदी कामाच्या आहेत :

- अक्षर पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत एकसारखे असावे.
- तरुणपणी फार बारीक लिहिले, तर म्हातारपणी आपल्यालाच वाचता येत नाही. म्हणून मध्यम लिहावे.
- चारही बाजूंनी समास सोडावा. कागदाची कड झिजली तरी अक्षर जाता कामा नये.

दुसऱ्या दशकात ते पढतमूर्खाची लक्षणेही सांगतात. ज्ञान भरपूर, पण आचरणात काही नाही, असा हा माणूस.

आजच्या विद्यार्थ्याने काय घ्यावे?

दहा कोर्स मोबाइलमध्ये साठवून एकही पूर्ण न करणे, हा पढतपणाच. त्यापेक्षा हा क्रम धरावा :

- पायथन किंवा जावा यांपैकी एकच भाषा पक्की करावी. जोडीला एसक्यूएल, लिनक्स आणि गिट शिकावे.
- स्वयम् आणि एनपीटीईएलचे अभ्यासक्रम मोफत पाहता येतात. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात मराठीतूनही धडे आहेत. पोस्टग्रेस डेटाबेसची अधिकृत पुस्तिका इंटरनेटवर मोफत आहे.
- चांगला ओपन सोर्स कोड वाचावा, स्वतः टाइप करून चालवून पाहावा. मग गावातल्या दुकानाची उधारी किंवा दूध डेअरीची नोंद ठेवणारी छोटी प्रणाली स्वतः बनवावी.
- नावे स्पष्ट ठेवावीत, चाचण्या लिहाव्यात आणि डेटाची दुसरी प्रत ठेवावी. कागदाच्या समासाचे काम येथे बॅकअप करतो.

मुलाखतीत प्रमाणपत्रांच्या यादीपेक्षा असे एक चालते काम जास्त बोलते. ते कसे केले, कुठे अडले, हे मात्र स्वतःला सांगता आले पाहिजे.

शके 1603 च्या माघ वद्य नवमीला समर्थांनी सज्जनगडावर देह ठेवला. त्यांचा ग्रंथ आजही घरोघरी वाचला जातो. लिहिताना पुढच्या वाचकाचा विचार केला, की लिखाण लिहिणाऱ्यापेक्षा जास्त टिकते.