पाण्याची वाट दाखविणारा वैद्य : आँरी द्युत्रोशे

संयुक्त अरब अमिरातीत बारमाही नदी नाही, तरी तेथे नळाला गोडे पाणी येते. ते समुद्राचेच पाणी असते. अबू धाबीजवळ तवीला येथे दररोज सुमारे 9 लाख घनमीटर गोडे पाणी देऊ शकणारा कारखाना उभा आहे. तेथील मराठी मुलांना परासरण, म्हणजे ऑस्मोसिस, शिकविताना ज्यांचे नाव घ्यावेच लागते, त्या आँरी द्युत्रोशे यांची आज आम्ही ओळख करून देत आहोत.

द्युत्रोशे यांचा जन्म फ्रान्समध्ये 1776 साली एका जहागीरदार घराण्यात झाला. राज्यक्रांतीत घरची संपत्ती गेली. पुढे ते वैद्यक शिकले आणि 1808 साली लष्करी डॉक्टर म्हणून स्पेनला गेले. तेथे तापाच्या साथीत रुग्णसेवा करताना स्वतःच आजारी पडून ते घरी परतले. आईजवळ खेड्यात राहून त्यांनी उरलेले आयुष्य संशोधनाला वाहिले.

पडद्यातून पाणी आत शिरते, हे नोले यांनी 1748 सालीच पाहिले होते. द्युत्रोशे यांनी ते मोजले. काचेच्या नळीला प्राण्याच्या मूत्राशयाचा पडदा बांधून आत साखरेचे पाणी भरले व ती साध्या पाण्यात उभी केली. नळीतले पाणी चढू लागले! द्रावण जितके दाट, तितका दाब जास्त, हे त्यांना दिसले. झाडांच्या व प्राण्यांच्या पेशींत पाणी कसे शिरते, याचा उलगडा त्यांनी 1826 साली मांडला. ऑस्मोसिस हा शब्दही त्यांनी घडविलेल्या नावावरूनच आला. 1831 साली फ्रान्सच्या विज्ञान अकादमीने त्यांना सभासद करून घेतले. 1847 साली पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले.

येथे विद्यार्थ्यांचा नेहमी गोंधळ होतो. अत्तराचा वास खोलीभर पसरतो ते विसरण. त्याला पडदा लागत नाही. परासरणात पाणी पडद्यातून पातळ द्रावणाकडून दाट द्रावणाकडे जाते. म्हणूनच मनुका पाण्यात फुगते. तवीलाच्या कारखान्यात मात्र मोठा दाब देऊन पाण्याला उलट वाटेने, खाऱ्याकडून गोड्याकडे, जावे लागते. त्यासाठी भरपूर वीज खर्च होते.

म्हणून शिक्षक बंधुभगिनींनो, व्याख्या पाठ करून घेण्याआधी मुलांच्या हाती एक मनुका, एक वाटी साधे पाणी आणि एक वाटी मिठाचे दाट पाणी द्या. वाळवंटातल्या एका पेल्याची खरी किंमत त्यांना आपोआप कळेल.